गोड पाणी, मुबलक

अश्खाबाद,
१२ ऑक्टोबर १९४१

ओगुलसोना मावशी, सलाम.

दहा वर्षांनी पत्र लिहितो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. तुम्ही कळप घेऊन अत्रेक नदी ओलांडून कायमचे इराणातल्या आपल्या जुन्या विहिरीवर गेलात आणि सीमा बंद झाली, हे खरं. पण सीमा बंद आहे म्हणून लिहिता येत नाही, आणि सीमा बंद आहे म्हणून लिहावं लागत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मला दुसरीचाच आधार वाटत होता. नोकरीत दर वर्षी विचारतात, परदेशात कोणी नातेवाईक आहेत का. मी दर वर्षी 'नाहीत' असं सांगत आलो.

दुसरी गोष्ट आणखी जड आहे. आई गेली. १९३६च्या हिवाळ्यात, छातीच्या दुखण्याने. शेवटचे दोन दिवस ती मला ओळखत नव्हती, पण तुला हाका मारत होती. हे तुला कोणाकडून तरी कळलं असेल, असं मी स्वतःला सांगत राहिलो. कोणाकडून कळणार होतं?

मी आता गणवेशात आहे. बेचाळिसाव्या वर्षी भूगोल शिकवणाऱ्या मास्तरला फौजेने उचललं आणि इथल्या मुख्यालयात नकाशांच्या खोलीत बसवलं. काळजी करू नकोस, माझी बंदूक म्हणजे पेन्सिल आहे. जर्मन मॉस्कोच्या दिशेने येताहेत आणि मी उबदार खोलीत रेघा ओढतो.

हे पत्र डाकेने नाही, आर्शाक नावाच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवतो आहे. बोलका आहे, पण कागदाच्या बाबतीत विश्वासू. त्याच्याकडे चहा, साखर आणि अक्जमालसाठी कापड दिलं आहे. तिचं लग्न झालं असेल ना? मी कॉलेजात असताना पाहिली तेव्हा ती शेळीच्या पिलामागे रांगत होती.

ऑगस्टमध्ये आमची फौज तुमच्याच बाजूने खाली उतरली. तुम्ही सगळे सुखरूप आहात ना? आणि विहीर कशी आहे? सहज विचारतो. कॉलेजच्या सुट्ट्यांत तुझ्याकडे राहायला यायचो, त्या पाण्याची चव अजून आठवते.

तुझा,
ओवेझ


गोर्गानच्या वरच्या अंगाला, आपल्या तळावरून
नोव्हेंबरचा पहिला जुम्मा

ओवेझ,

लिहिणारा मी, नेपेस मुल्ला. शब्द तुझ्या मावशीचे. जिथे शिव्या होत्या तिथे मी रेघ ओढली आहे.

जिवंत आहेस तर, ———! दहा वर्षांनी आठवण झाली आणि साखर पाठवतोस? माझी पाठची बहीण मेली आणि मला पाच वर्षांनी कळतंय, तेही एका आर्मेनियन ट्रकवाल्याच्या खिशातून. पाच वर्षं मी दर नमाजाला तिच्या लांब आयुष्यासाठी दुआ मागत होते. त्या दुआ कुठे गेल्या ते तूच सांग, तू भूगोलवाला ना? बायका जमल्या, तीन दिवस रडलो. तुझ्या चहानेच रडलो. चहा चांगला आहे.

मुल्ला, पुढे लिही. ढोसतोयस काय नुसता.

तुझ्या आर्शाकने सांगितलं की तुला बढती मिळाली, कॉलरवर एक पट्टी वाढली. लिहिलं का नाहीस? आपल्या माणसाचं चांगलं झालेलं आम्हाला बघवत नाही, असं वाटलं का तुला? सगळ्या तळाला सांगितलं मी. माझा भाचा, माझ्या तंबूतलं दूध पिऊन वाढलेला.

विहीर कशी आहे विचारतोस. विहीर गेली.

ऐक. ऑगस्टमध्ये जमीन तव्यासारखी तापलेली. उत्तरेला धूळ दिसली तेव्हा आम्ही नेहमीसारखी विहिरीच्या तोंडावर चटई टाकली, वर माती पसरली आणि मधोमध गाढव बांधलं. परक्याची धूळ दिसली की हे करायचं, तुझ्या पणजोबांपासून चालत आलेलं. नव्या सुनेलासुद्धा वर्षभर आम्ही ती जागा दाखवत नाही. आणि ते लोक सरळ आले, ओवेझ. इकडे नाही बघितलं, तिकडे नाही. पहिल्या गाडीतून एक कोवळा अधिकारी हातात कागद धरून उतरला, पावलं टाकत गाढवापाशी आला, गाढवाला बाजूला ढकललं आणि बुटाच्या टाचेने माती उकरली. जणू स्वतःच पुरून ठेवलं होतं!

मग यंत्र लावलं. आपली उंटाची मोट दिवसभरात काढते, तेवढं त्या नळीने चहा उकळेपर्यंत ओढलं. माणसं प्यायली, गाड्या प्यायल्या, पिंपं भरली. संध्याकाळी पाणी मचूळ झालं. सकाळी खारं. वरची साय निघून गेली की खाली काय असतं ते तुला माहीत आहे. तुझे काका म्हणायचे, ही विहीर नाही, ही दुभती गाय आहे, तिला हळू पिळायची. गेले बिचारे, हे बघायला राहिले नाहीत. आता उंटसुद्धा तोंड लावत नाही. आम्ही अर्ध्या दिवसाच्या वाटेवर तागानच्या विहिरीवर जातो आणि सगळ्यांचं झालं की उरलेलं भरतो. मी, ओगुलसोना, उरलेलं भरते.

आता कामाचं. कोणीतरी ती जागा सांगितली. इथे सगळे म्हणतात, चारीने. चारी म्हणजे अक्जमालचा नवरा, माझा जावई. तो सीमेवर बाजारात जायचा, त्याला चार रशियन शब्द येतात, आणि फौज आली त्या दिवशी तोच एकटा पुढे जाऊन त्यांच्याशी बोलत होता, विहिरीकडे हात करत होता. लोकांनी लांबून बघितलं. तो म्हणतो मी नाही. पण तो नाही तर कोण?

तू फौजेत आहेस. विचार त्यांना. पांढऱ्या दाढीवाले म्हणतात, ओवेझ जो शब्द लिहील त्यावर निकाल करू. आमच्यात शिकलेला तू एकटा, आणि तुझा यात काही स्वार्थ नाही.

तुझी मावशी


(न पाठवलेलं)
अश्खाबाद, २० नोव्हेंबर १९४१

मावशी,

चारी नाही. मी.

जुलैत आमच्याकडे बैठक होती. भिंतभर नकाशा लावलेला. इराणात उतरायचं ठरलं होतं, म्हणजे वर कुठेतरी ठरलं होतं आणि आम्हाला वाटा आखायच्या होत्या. तीन लाल बाण. त्यातला एक अत्रेकवरून गोर्गानकडे जात होता आणि मध्येच एका पांढऱ्या पट्ट्यात शिरत होता. नकाशावर तिथे काहीच नव्हतं. ना वाट, ना पाणी. कर्नल वेदेर्निकोव म्हणाले, "इथे पाणी नसेल तर ऑगस्टमध्ये ट्रक जाणार नाहीत. बाण पुसावा लागेल."

मला कोणी विचारलं नव्हतं, हे मला तुला सांगायचं आहे. माझ्यावर कोणी दबाव आणला नाही. मी वर्गातल्या हुशार पोरासारखा हात वर केला, पुढे गेलो आणि त्या पांढऱ्या पट्ट्यात निळा ठिपका दिला. बाजूला लिहिलं: गोड पाणी, मुबलक.

कर्नलांनी विचारलं, "खात्री आहे? माहिती कोणाची?"

मी तिथे वाढलो आहे, असं म्हणता आलं नाही, कारण मग परदेशातली मावशी उघडकीला आली असती. मी म्हणालो, "स्थानिक माणसाची."

ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "बघा, याला भूगोल म्हणतात! नाहीतर तुम्ही." सगळे हसले. कोणीतरी मला सिगारेट दिली. मी सिगारेट ओढत नाही. ती ओढली.

तेव्हापासून मी स्वतःला विचारतो की ते युद्धासाठी होतं का. उत्तर 'हो' देता येतं. मिन्स्क पडलं होतं, जर्मन इराणात आधी पोचले असते तर आमचं तेल गेलं असतं, मित्रदेशांची मदत यायला वाट उरली नसती. हे सगळं मला आजही पटतं. बाण चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण हात वर करताना माझ्या मनात जर्मन नव्हते. नकाशावर तेवढी एक कोरी जागा होती आणि ती भरणं फक्त मला येत होतं. त्या आनंदाने माझे कान तापले होते.

आणि 'मुबलक'? गोडं पाणी खाऱ्यावर साईसारखं तरंगतं, हे मी सतरा वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं आहे. तरी मी मुबलक लिहिलं, कारण तुझ्याकडे पाणी मोजून दिलेलं मी कधी पाहिलंच नाही. मी घोड्यावरून उतरलो की तू डोक्यावर घागर ओतायचीस. ओठ पुसायच्या आत वाडगा पुन्हा भरलेला असायचा. मी ते आठवलं आणि लिहून टाकलं.

हे पाठवलं आणि वाटेत सापडलं तर मला घेऊन जातील. फौजेचा बेत बाहेर सांगितला, परदेशातलं नातं लपवलं. घरी बायको आहे, दोन मुली आहेत. ही कारणं खरी आहेत. फक्त ती मला फार पटकन सुचली.


अश्खाबाद,
२३ नोव्हेंबर १९४१

मावशी, सलाम.

तुझं पत्र पोचलं. विहिरीचं वाचून झोप उडाली. बढतीचं लिहिलं नाही कारण त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं.

तू विचारलेल्या गोष्टीची चौकशी करण्याची मला मुभा नाही. एवढंच लिहू शकतो की झाकलेली विहीर विमानातून दिसत नाही. अशी जागा तिथलं पाणी प्यायलेल्या माणसाकडूनच कळते. आपण काय करतो आहोत हे त्या माणसाला तेव्हा कळलंही नसेल. त्याच्यावर फार कठोर होऊ नका.

आर्शाकबरोबर पिठाची दोन पोती पाठवतो आहे.

ओवेझ


तळावरून,
जानेवारी १९४२, बर्फ पडल्यानंतर

ओवेझ,

पीठ मिळालं. तागानच्या पोरांनी एक पोतं वाटेतच 'वजन बघायला' उघडलं. पाण्याच्या रांगेत आमचा नंबर शेवटी, पण पिठाच्या वासाला ते पहिले.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे सगळ्यांसमोर वाचलं. आपल्याकडे पत्र एकट्याने वाचतो तो चोर. तंबू भरला होता. मुल्लाने ते वाक्य दोनदा वाचलं, तिथलं पाणी प्यायलेल्या माणसाकडूनच कळते, हे. मग पांढऱ्या दाढीवाल्यांतला म्हातारा गाराजा म्हणाला, "शिकलेला माणूस नाव घेत नाही. पण बोट कुठे आहे ते आंधळ्यालाही दिसतं."

चारीला उभं केलं. तो म्हणाला, "मी त्यांना हळू उपसा म्हणत होतो. यंत्र बंद करा म्हणत होतो. म्हणून पुढे गेलो."

गाराजा म्हणाला, "चार शब्द येतात तुला रशियन. भाकरी, साखर, किती, आणि दे. यात 'हळू' कुठला रे?"

सगळे हसले, ओवेझ. मीही हसले. नंतर मला ते बरं वाटलं नाही, पण तेव्हा हसले.

मग त्याची टोपी उतरवली. पांढऱ्या मेंढीच्या लोकरीची टोपी, लग्नात मीच दिलेली. गाराजाने ती जमिनीवर ठेवली आणि म्हणाला, "हिला आता डोकं नाही." पाण्यातला त्याचा वाटा गेला. अक्जमालला मी माझ्या तंबूत आणलं. ती तीन आठवडे माझ्याशी बोलत नाही. भाकरी थापते, ताट ठेवते, आणि तोंड दाराकडे.

चारी बंदर शाहला गेला. तिथे तुमच्या लोकांसाठी आगगाडीतून पेट्या उतरवून जहाजावर चढवायचं काम आहे म्हणे.

तू कठोर होऊ नका लिहिलं होतंस, म्हणून त्याला मारलं नाही. नाहीतर पोरं दगड घेऊन तयार होती. तुझ्या शब्दाचा मान ठेवला आम्ही.

तुझी मावशी

(नेपेस मुल्लाकडून: चारी चांगला माणूस आहे असं माझं मत होतं. पण तुझं पत्र समोर असताना मुल्लाचं मत कोण विचारतो?)


अश्खाबाद,
९ फेब्रुवारी १९४२

मावशी,

हे पत्र सगळ्यांसमोर वाच. गाराजाला पुढे बसव.

विहिरीची जागा चारीने सांगितली नाही. मी सांगितली. जुलैत, इथे नकाशासमोर उभं राहून, कोणी न विचारता. गोड पाणी, मुबलक, असं माझ्या हाताने लिहिलं. त्या कोवळ्या अधिकाऱ्याच्या हातात होता तो माझाच कागद. बढती त्याचीच आहे.

मागच्या पत्रात मी 'तिथलं पाणी प्यायलेला माणूस' असं लिहिलं, तो मी. मला वाटलं होतं, तू ओळखशील. नाही, हे पूर्ण खरं नाही. मला वाटलं होतं, लिहिल्यासारखंही होईल आणि तू ओळखणार नाहीस. खोटं न बोलता सुटण्याची ती वाट होती, आणि लिहिताना मी स्वतःवर थोडा खूश होतो. त्या वाक्याने चारीची टोपी उतरली.

चारीला परत बोलवा. त्याच्या डोक्यावर ती टोपी तूच ठेव. माझ्याबद्दल जे ठरवायचं ते ठरवा.

पीठ पाठवत नाही. या पत्राबरोबर पीठ पाठवणं बरं दिसलं नसतं. पुढच्या फेरीला पाठवीन.

ओवेझ


तळावरून,
मार्चचा पहिला जुम्मा

ओवेझ,

तुझं पत्र वाचलं गेलं नाही.

मुल्ला दुसऱ्या ओळीवर अडखळला. चष्मा काढला, पुसला, म्हणाला, "धुराने डोळे झोंबतात, आज भाच्याने नुसतीच खुशाली कळवली आहे. बाकीचं उद्या." लोक उठून गेले. मग त्याने मला एकटीला वाचून दाखवलं. मी कागद त्याच्या हातातून घेतला आणि चुलीत टाकला. मुल्ला म्हणाला, "ओगुलसोना, हे पाप आहे." मी म्हटलं, "पाप माझ्या नावावर लिही, आणि तोंड शिवून घे."

आता तू ऐक.

तुला वाटतं पाणी मुबलक होतं? तू सुट्टीत यायचास तेव्हा तुझे काका आदल्या रात्रीच मेंढ्या घेऊन खाऱ्या डबक्याकडे जायचे. आम्ही दोन-दोन दिवस तोंड धुवायचो नाही. तुझी आई एकदा म्हणाली, "ताई, पोराला सांग की जपून वापर," तर मी तिच्यावर ओरडले. पाहुण्याला विहिरीचा तळ दाखवायचा? तू घागरभर पाणी डोक्यावर ओतून घ्यायचास आणि आम्ही तंबूआडून बघून खूश व्हायचो, की आपल्या घरात कमी आहे हे पोराला कळलं नाही. तर कळलं नाही खरंच. यात तुझी चूक किती आणि माझी किती, ते तू मोज. तुला मोजायची सवय आहे.

पण मी तुझं पत्र जाळलं ते मायेने नाही, हेही ऐकून ठेव. तागानचा भाऊ विधुर आहे. नवरोझच्या सणानंतर अक्जमालचा निकाह त्याच्याशी ठरवला आहे. म्हातारा आहे, दात नाहीत, पण विहीर गोडी आहे. मुलगी त्या घरात गेली की आमची पाळी रांगेच्या मध्यावर येते. चाळीस माणसं आहेत माझ्या मागे, आणि उन्हाळा येतोय. त्यासाठी चारीने तीन वेळा तलाक म्हणायला हवं. नवरोझच्या आधी गाराजा आणि त्याचा पोरगा बंदर शाहला जाऊन त्याच्याकडून वदवून घेतील. गद्दार ठरलेल्या माणसाकडून वदवणं सोपं असतं. निर्दोष माणसाकडून कसं वदवू?

तुझ्या खरं बोलण्याने माझ्या मेंढ्यांना पाणी मिळणार आहे का? नाही ना? मग गप्प बस. तू आमचं एकदा वाटोळं केलंस, न विचारता. आता पुन्हा न विचारता चांगला होऊ नकोस.

पीठ पाठव.

मावशी

(नेपेस मुल्लाकडून: हे ती झोपल्यावर लिहितो आहे. अक्जमालला कोणी विचारलेलं नाही. काल तिने मला विचारलं, "मुल्ला, त्या दिवशी पत्रात खरंच नुसती खुशाली होती का?" मी हो म्हणालो. चाळीस वर्षं लोकांना कुराण शिकवतो आहे.)


अश्खाबाद,
१४ मार्च १९४२

चारी,

तू मला ओळखत नाहीस. मी ओवेझ, तुझ्या सासूचा भाचा. माझं नाव तू ऐकलं असशील, ज्या दिवशी तुझी टोपी उतरवली त्या दिवशी तर नक्कीच. आर्शाक हे पत्र तुझ्या हातात देईल आणि तुला वाचता येत नसेल तर वाचून दाखवेल. त्याला मी आधीच वाचून दाखवलं आहे. ऐकून तो म्हणाला, "साहेब, मी दारूगोळा नेला आहे या ट्रकमधून, पण असलं काही नेलं नव्हतं."

विहिरीची जागा फौजेला मी सांगितली. तू नाही. मी हे मावशीला लिहिलं होतं, ते तिथे वाचलं गेलं नाही. ती तसं का वागली ते मला समजतं आणि तिला दोष देण्याच्या जागी मी नाही. तिने मला गप्प बसायला सांगितलं आहे. गेले चार दिवस मी तिचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न करतो आहे आणि मला जमलेलं नाही. चाळीस माणसांच्या पाण्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या खरेपणाने एक वाडगाही भरणार नाही. कदाचित मी पुन्हा तेच करतो आहे, कोणी न विचारता हात वर करणं, फक्त आता कौतुकाच्या जागी स्वतःला बरं वाटावं म्हणून. हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

पण दोन माणसं आहेत ज्यांना कोणीच काही विचारलं नाही. एक अक्जमाल, एक तू. ठरवायचं ते तुम्ही दोघांनी, आणि खरं काय ते माहीत असताना ठरवायचं. म्हणून तुला लिहितो आहे.

नवरोझच्या आधी गाराजा आणि त्याचा मुलगा तुझ्याकडे येतील. तुझ्याकडून तीनदा तलाक वदवून घेतील. तू अपराधी आहेस असं समजून म्हणू नकोस. म्हणायचंच असेल तर निर्दोष माणूस म्हणून म्हण. आणि म्हणायचं नसेल तर त्यांना थांबव, मी येईपर्यंत. चारचौघांसमोर तुला उभं केलं त्या जागी मी उभा राहीन आणि जे घडलं ते माझ्या तोंडाने सांगेन. कागद चुलीत जातात, हे मी शिकलो. नंतर ते माझी टोपी काढोत, दगड मारोत. तुझ्या सासूच्या डोळ्याला डोळा देणं मला दगडांपेक्षा जड जाणार आहे, आणि अक्जमालकडे मी बघू शकेन असं वाटत नाही.

तू त्या दिवशी फौजेसमोर गेलास आणि 'हळू' म्हणालास. कोणत्या शब्दात म्हणालास, ते मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. इथे त्या खोलीत आम्ही अकरा जण होतो, सगळे रशियन बोलणारे. तो शब्द आमच्यातल्या कोणालाही सुचला नाही.

मला सीमा ओलांडायला रजा आणि परवाना लागेल. कारण विचारतील. मी बायकोला काल सगळं सांगितलं. ती बराच वेळ मुलींच्या मोज्यांच्या जोड्या लावत बसली आणि मग म्हणाली, "आम्ही काय सांगायचं, तुम्ही कुठे गेलात म्हणून?" मी म्हणालो, खरं ते सांगा. ती म्हणाली, "आम्हाला त्याची सवय नाही हो." ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

मला भीती वाटते, चारी. हे पत्र धीराने लिहिलं आहे असं समजू नकोस. आर्शाकने ट्रक सुरू केला आहे आणि खालून हॉर्न वाजवतो आहे. ते एकच कारण आहे की मी हे पुन्हा वाचून मऊ करत बसलेलो नाही.

ओवेझ

उद्याचं काम: सकाळी कर्नल वेदेर्निकोव यांच्याकडे रजा मागणे, आणि कारण विचारलं की म्हणणे, सीमेपलीकडे माझी मावशी आहे.